तिसरा पडदा

“पडदा सरकला म्हणते तो. उजव्या बाजूनं अंधार येऊन राहिला. मले तर इतके दिवस वाटे का धूळच असन.”

आत्या स्वयंपाकघरात फोनवर बोलत होती. पलीकडे तिची ऑफिसातली जुनी मैत्रीण होती. एवढ्या मोठ्या आवाजात आणि एवढ्या मोकळ्या बोलीत आत्या फक्त तिच्याशीच बोलते. मी बाहेरच्या खोलीत खिडकीजवळच्या टेबलाशी बसले होते. समोर आत्याचा जुना कॅमेरा होता, लेन्स काढलेला, मागचं दार उघडं.

ते वाक्य ऐकून मला बरं वाटलं. आदल्याच दिवशी त्या कॅमेऱ्यातला रोल धुऊन आला होता. बऱ्याच फोटोंच्या उजव्या कडेला काळा पट्टा होता. मी ते फोटो आत्याला फोनवर पाठवले होते आणि तिचं काहीच उत्तर आलं नव्हतं. आता कळलं, तिनं ते पाहिले होते. कुणा मेकॅनिकला विचारलंही होतं, आणि त्याचं निदान माझ्या निदानाशी जुळत होतं.

“नाही वं, पोट्टीले नाही सांगितलं,” आत्या आत म्हणाली. “तिले सांगितलं का मंग तिचा चेहरा पाहावं लागते.”

याचाही अर्थ मी लगेच लावला. कॅमेरा दुरुस्त होण्यासारखा राहिला नसेल आणि तो मला किती आवडतो हे तिला माहीत आहे, म्हणून ती लपवते आहे. मी खुर्ची सरकवल्याचा आवाज मुद्दाम केला. आत बोलणं हळू झालं.

दर शनिवारी मी नंदनवन वस्तीत आत्याकडे जाते. ती एकटी राहते, वरच्या मजल्यावर, दोन खोल्यांत. सरकारी खात्यात नोकरी करत असताना सुट्टीच्या दिवशी ती लग्नाचे फोटो काढायची. हळद, बांगड्या भरणं, डोहाळजेवण, जिथे बायका पुरुष फोटोग्राफरसमोर आखडून बसतात तिथे तिला बोलावणं यायचं. कॅमेरा दुरुस्तीला दिला की महिना महिना परत यायचा नाही, म्हणून ती स्वतःच उघडून बघायला शिकली. आता लोकांना फिल्मचे कॅमेरे पुन्हा आवडू लागलेत. माझ्या ओळखीची मुलं कुणाच्या तरी कपाटातून ते काढून आणतात आणि माझ्या हातात देऊन म्हणतात, चालत नाही. मी ते आत्याकडे नेते.

“‘चालत नाही’ हा काही बिघाड नव्हे,” हे आत्याचं पहिलं वाक्य असतं. “काय चालत नाही ते सांग. दांडी अडकते? आरसा वर राह्यते? आवाज येते पण फोटो येत नाही?” आणि दुसरं वाक्य, “एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या का कशानं ठीक झालं ते समजत नाही.”

मला हे काम आवडतं, कारण त्यात फार बोलावं लागत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची. मराठी मी पुस्तकांतून नंतर गोळा केलं, ते लिहिताना बरं येतं. बोलायला गेले की घरातले सगळे माझ्या तोंडाकडे बघतात, जसं काही मी आता नक्कल करून दाखवणार आहे. त्यामुळे मी ऐकते. आत्याकडे तर फक्त स्क्रू ड्रायव्हर द्यायचा, बॅटरी धरायची आणि “हो” किंवा “नाही” म्हणायचं.

त्या दिवशी आत्या हात पुसत बाहेर आली. “काय पाहून राहिली?”

“शटर. हजारवर.” म्हणजे सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या वेगावर.

“मंग?”

“डावीकडे अंधार.”

“म्हणजे फोटोत उजवीकडे,” ती म्हणाली. लेन्समधून सगळं उलटं पडतं. फोटोतली उजवी बाजू कॅमेऱ्याच्या मागून पाहताना डावी असते.

या कॅमेऱ्याच्या शटरमध्ये दोन कापडी पडदे असतात. खटका दाबला की पहिला उघडत जातो, दुसरा त्याच्या मागून झाकत येतो. दोघांमध्ये जी फट राहते तिच्यातून प्रकाश फिल्मवर पडतो. वेग जितका जास्त, तितकी फट अरुंद. जुनं तेल वाळून पहिला पडदा रेंगाळायला लागला, की दुसरा त्याला गाठतो, फट मिटते आणि उरलेला फोटो काळा. हे तपासायला फिल्म लागत नाही. दार उघडं ठेवून कॅमेरा खिडकीकडे धरायचा आणि खटका दाबायचा. क्षणभर पांढरा आयत दिसायला हवा. मला त्याचा तुकडाच दिसत होता.

“दे इकडं,” आत्या म्हणाली.

तिनं कॅमेरा डाव्या डोळ्याला लावला.

मी बोलत नाही, पण मला दिसतं. आत्या उजव्या डोळ्यानं बघते, नेहमीच. डाव्या डोळ्यानं बघते ती मी, आणि त्यामुळे माझं नाक कॅमेऱ्याच्या पाठीवर टेकतं. “नाकाचे ठसे पाडून ठेवते ही पोट्टी,” असं ती दर शनिवारी म्हणते. त्या दिवशी तिचं स्वतःचं नाक कॅमेऱ्याला टेकलं होतं. मला ते गमतीचं वाटलं. वाटलं, मला चिडवण्यासाठी करते आहे.

“पहिला सुस्त झाला,” खटका दोन-तीनदा दाबून, डोकं थोडं वाकडं करून ती म्हणाली. ती बघत होती त्यापेक्षा ऐकत होती. “ताण नको वाढवू. ताण वाढवणं सगळ्यात शेवटी. आधी साफ कर. आज तू कर.”

“मी?”

“मंग काय शेजारीण?”

याआधी शटरला तिनं मला हात लावू दिला नव्हता. मी तळाची पट्टी काढली. बारीक स्क्रू डबीच्या झाकणात ठेवले. पडदे ज्या दांड्यांवर गुंडाळले जातात त्यांची टोकं स्पिरिटनं पुसली, सुईच्या टोकावर थेंबापेक्षाही कमी तेल घेऊन लावलं. आत्या समोर बसून सूचना देत होती. एकदा तिनं चिमटा उचलायला हात पुढे केला आणि तो चिमट्याच्या शेजारी टेबलावर पडला. तिनं बोटांनी टेबल चाचपलं, जसं काही तिला टेबलच पुसायचं होतं, आणि हात मागे घेतला.

मागच्या काही शनिवारांची आठवण मला तेव्हाच यायला हवी होती. ती सारखी म्हणायची, “व्ह्यूफाइंडर पूस वं, त्यात जाळं आलं.” मी पुसायचे. काच, आरसा, सगळं. मला जाळं कधीच दिसलं नाही. “आहे ना,” ती म्हणायची, “पाहाले गेलं का पळते.” मी मान डोलवायचे आणि पुन्हा पुसायचे.

तेल लावल्यावर शटर बऱ्याच वेळा नुसतं चालवावं लागतं. मी रोल पुढे नेणारी दांडी ओढत गेले, खटका दाबत गेले. आवाज बदलत गेला. आधी खरडल्यासारखा होता, मग सुटा झाला. मी कॅमेरा खिडकीकडे धरला, वेग हजारवर ठेवला, आणि पूर्ण पांढरा आयत लख्ख दिसून गेला. पुन्हा दाबलं. पुन्हा पूर्ण.

मी एवढी खूश झाले की माझ्या मानानं खूपच बोलले. “आत्या, पडदा ठीक झाला! सांग तुझ्या त्या माणसाला. म्हणे सरकला! झाला की जागेवर.”

“कोन्त्या माणसाले?”

“मघाशी फोनवर म्हणालीस ना. पडदा सरकला म्हणतो, उजवीकडून अंधार येतो. मी ऐकलं.”

आत्या माझ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. आधी नुसते खांदे हलले, मग आवाज आला, मग ती टेबलावर हात आपटून हसायला लागली. “अवं माय! कॅमेऱ्याचा! अवं, कॅमेऱ्याचा समजली ही!” डोळे पुसले. आणि पुसतापुसता तिचं बोट उजव्या डोळ्यापाशी थांबलं.

“तो नव्हे वं,” ती म्हणाली. “हा.”

मी तिच्या बोटाकडे बघत होते. मला वाक्य कळलं नव्हतं असं नाही. शब्द कळले आणि ते आत कुठे पोचलेच नाहीत. माझ्या हातात कॅमेरा होता, आणि अंगठा आपोआप दांडी ओढत होता. खट. खट. आत्यानं हात पुढे करून कॅमेरा काढून घेतला, या वेळी हात बरोबर जागी पडला, आणि मला उगाचच वाटलं की म्हणजे सगळं ठीक आहे.

“डोळ्याले बी पडदा असते,” ती म्हणाली. “कॉन्वेंटमधी नाही शिकवलं?”

शिकवलं होतं. डोळ्याची आकृती मी इतक्या वेळा काढली होती की आजही काढू शकेन. त्या धड्यात डोळ्याची तुलना कॅमेऱ्याशीच होती. पापणी म्हणजे शटर, बाहुली म्हणजे छिद्र, आणि सगळ्यात मागे रेटिना. रेटिना म्हणजे फिल्म. मला रेटिना माहीत होता, शटर कर्टन माहीत होता. दोघांनाही मराठीत पडदाच म्हणतात हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी ज्याला सुईनं तेल लावून जागेवर आणलं तो नुसता आडोसा होता. तिचा सरकला होता तो पडदा म्हणजे जिच्यावर चित्र उमटतं ती फिल्मच.

“रेटिना?” मी विचारलं.

“हाव. तोच शब्द म्हणे तो डॉक्टर.”

“कधी?”

“काल गेली होती धंतोलीत. एकटीच.” ती स्क्रू मोजल्यासारखं करत झाकण जवळ ओढत होती. “दोन-तीन दिवसांपासून कोपऱ्यात काळं काळं येऊन राहिलं होतं. आधी वाटलं केस आला डोळ्यावर. तो म्हणते, मधातला भाग अजून चिकटून आहे. आजच्या आज भरती व्हा. मी म्हटलं, पुढच्या हप्त्यात येतो.”

“पुढच्या आठवड्यात?”

“मंग काय, लगेच पळत सुटू?”

मी फोन काढून शोधलं. इंग्रजीतली वाक्यं अगदी साधी होती, आणि प्रत्येक पानावर तीच होती. मधला भाग सुटण्याआधी ऑपरेशन झालं तर नजर वाचण्याची शक्यता चांगली. तो सुटला की तीच नजर परत येईल याची खात्री नाही. आत्याला फोनवरची बारीक अक्षरं दिसत नव्हती, म्हणून वाचून दाखवायला हवं होतं, आणि माझ्या तोंडात मराठी शब्द येईनात. मी स्क्रीनवर बोट ठेवून बसले. शेवटी एकच शब्द आला.

“कायमचं, आत्या.”

तिनं स्क्रूंचं झाकण बाजूला सारलं. मग म्हणाली, “मले माहीत आहे.”

मला सगळ्यात मोठा धक्का बसला तो इथे. तिला माहीत होतं. ‘काय चालत नाही ते सांग’ म्हणणारी, रेंगाळणाऱ्या शटरचा आवाज कान लावून ऐकणारी माझी आत्या स्वतःच्या डोळ्याबद्दल सगळं समजून घेऊन घरी आली होती, भाजी केली होती, आणि मला शटर साफ करायला शिकवत होती.

“मग काहून?” मी विचारलं. तो तिचा शब्द होता, माझ्या तोंडून निसटला.

“तुया बापापायी.”

मला वाटलं मी पुन्हा चुकीचं ऐकलं.

“ऑपरेशन झालं का डोळ्यात हवा भरते म्हणे, आणि पालथं पडून राह्यावं लागते. दिवसच्या दिवस. खाणं-पिणं सोडून मान वर करायची नाही. एकटीनं होते का ते? म्हणजे दादाच्या घरी. आणि दादा काय म्हणन?” तिनं बाबांचा आवाज काढला, आणि तो इतका हुबेहूब होता की मी दचकले. “‘मी सांगत होतो का नाही? डोळे घालवशीन एक दिवस त्या डबड्यांपायी. घातले?’ सकाळी चहासोबत म्हणन, रात्री जेवताना म्हणन. आल्यागेल्याले बोलावून सांगन. आणि मी पालथी! उठून उत्तर बी देता येत नाही. मले डोळा गेला तरी चालन, पण ते नाही ऐकलं जात.”

ती हे हसत हसत सांगत होती. पण बाबा तसंच म्हणतील हे आम्हां दोघींनाही माहीत होतं. बाबा वाईट नाहीत. त्यांना काळजी वाटली की ते रागावतात, आणि एकदा बोललेलं वाक्य त्यांना पुन्हा पुन्हा वापरायला आवडतं. आत्यानं लग्न न करता कॅमेरे घेतले तेव्हापासून हे वाक्य चालू आहे.

मी उठले आणि तिची चप्पल दारातून आणून तिच्या पायांशी ठेवली. ती उठली. मग कपाटातून पर्स काढली. “फक्त विचारून येऊ,” म्हणाली. “भरती-बिरती नाही.”

रिक्षात ती माझ्या डाव्या बाजूला बसली. मी तिच्या उजवीकडे होते, म्हणजे अंधाराच्या बाजूला, आणि ते लक्षात आल्यावर मी थोडी पुढे सरकून बसले. ती बोलत होती. शटरला लावलेलं तेल दोन दिवसांनी पुन्हा बघायचं, पडद्यावर उडालं असेल तर डाग पडतो, वगैरे. रस्त्यात खड्डा आला की ती उजव्या डोळ्यावर तळहात धरायची. जसं काही आतून काहीतरी सांडेल.

धंतोलीतल्या त्या दवाखान्यात शनिवारची गर्दी होती. कुठून कुठून आलेली माणसं, डोळ्यांवर हिरवे चष्मे, पायांशी पिशव्या. आत्यानं कालचा कागद दाखवला तर आम्हाला लगेच आत घेतलं. ते लगेच घेणं मला मुळीच आवडलं नाही. दवाखान्यात ज्यांचं ठीक असतं त्यांना बसवून ठेवतात.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी पुन्हा तपासलं, बराच वेळ. मग कागदावर एक गोल काढला आणि मला समजावलं. अंधार उजवीकडे दिसतो, म्हणजे पडदा सुटलाय डाव्या बाजूनं, कारण डोळ्यात सगळं उलटं पडतं. मी मान हलवली. एवढं मला न सांगताही कळत होतं. मग त्यांनी गोलाच्या मधोमध पेनाचं टोक ठेवलं. “हे अजून धरून आहे. कालच्यापेक्षा जवळ आलंय. आज संध्याकाळी करू. उद्यावर टाकलं तर मी काही सांगू शकणार नाही.”

“कॅमेऱ्यानं झालं का हे?” आत्यानं विचारलं. फार हळू विचारलं. तिनंही ते वाक्य इतकी वर्षं ऐकून थोडं खरं धरलं होतं, हे मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

“कॅमेऱ्यानं?” डॉक्टर गोंधळले. “छे. तुमच्या चष्म्याचा नंबर पहिल्यापासून मोठा आहे, त्यात वय. कॅमेऱ्याचा काय संबंध?”

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण मला स्वतःला ताणून धरलेल्या गोष्टी सहन होत नाहीत. ऑपरेशन झालं, पडदा पुन्हा चिकटला. उजव्या डोळ्याला सरळ रेषा आता किंचित वाकड्या दिसतात, खिडकीचे गज लाटांसारखे. पण दिसतात. पालथं पडून राहायचे दिवस तिनं नंदनवनलाच काढले, मी तिच्याकडे राहायला गेले. पण त्या दुपारी यातलं काहीच ठरलेलं नव्हतं. त्या दुपारी आत्या खुर्चीतून उठली होती आणि पर्स खांद्याला अडकवून म्हणत होती, “विचार करून सांगतो.”

“बसा मावशी,” डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे बघून, “घरचं मोठं कोणी आहे का?”

मी नोकरी करते. मला मोठं समजायला हरकत नव्हती. पण मी त्या खोलीत आल्यापासून एक शब्द बोलले नव्हते, तेव्हा त्यांचाही दोष नाही.

“आहे,” आत्या म्हणाली. “पण त्याले नका बोलावू.”

आणि तेव्हाच माझा फोन वाजला. बाबा. मी जेवायला घरी पोचले नव्हते. आत्यानं स्क्रीनवरचं नाव वाचलं नाही, पण माझा चेहरा वाचला. तिनं माझं मनगट धरलं.

“म्हण, फोटो काढून राहिलो. म्हण, बगीच्यात आहो. एक शब्द जास्त सांगितला तर मी ही चालली.”

ती खरंच निघाली असती. दार तिच्या डाव्या हाताला होतं, जिकडून तिला नीट दिसत होतं.

मी फोन उचलला. “कुठे आहेस?” बाबांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता, “आत्याकडेच ना? घेऊन बसल्या असाल दोघी ती डबडी. वेळेचं भान नाही, खायचं भान नाही. तिला म्हणावं, एक दिवस...”

मी बाबांना आजवर मध्येच तोडलेलं नाही. त्यांचं वाक्य संपेपर्यंत थांबायचं आणि मग “हो बाबा” म्हणायचं, ही आमची पद्धत आहे. डॉक्टर पेन बंद करत होते. आत्याची बोटं माझ्या मनगटावर होती. ते वाक्य फोनमधून येत होतं, आणखी तीन-चार शब्दांनी पूर्ण झालं असतं, आणि पूर्ण झालं असतं तर आत्यानं ते ऐकलं असतं.

“बाबा, थांबा,” मी म्हणाले, आणि माझा आवाज एवढा मोठा आला की दाराबाहेर बसलेली माणसं वळली. “आत्याच्या डोळ्याचा पडदा सुटलाय, आज संध्याकाळी ऑपरेशन आहे, आणि ती तुमच्या बोलण्याला घाबरून पळून जाते आहे. धंतोलीत या. कॅमेऱ्याबद्दल एक शब्द जरी बोलणार असाल, तर येऊ नका.”